मॅडम, तुम्ही कुणाकडच्या?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखिका मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशक आहेत. सकाळी एका कॉलेजात आणि संध्याकाळी स्वतःच्या छोट्या क्लिनिकमध्ये त्या काम करतात. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हापासून मराठ्यांना ओबीसींमधून आरक्षण द्यायचं की नाही हा प्रश्न त्यांच्या खोलीत शिरला आहे आणि अजून बाहेर गेलेला नाही. त्यांच्याकडे येणारा तेवीस वर्षांचा एक मराठा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. आंदोलनात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याची झोप उडाली. ओबीसी समाजातल्या एका बाईंचं गावात किराणा दुकान आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर त्यांचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं. संध्याकाळी गल्ला मोजायला बसलं की त्यांचे हात थरथरतात. पत्रलेखिका स्वतः या दोनांपैकी एका समाजातल्या आहेत. कोणत्या, ते छापू नये अशी त्यांची विनंती आहे.

त्या लिहितात, की थेरपिस्टने तटस्थ राहायचं आणि राजकारण खोलीबाहेर ठेवायचं असं आम्ही शिकलो, म्हणून मी विषय पुन्हा झोपेवर आणि श्वासाच्या व्यायामावर आणते. मागच्या महिन्यात त्या मुलाने सरळच विचारलं, “मॅडम, तुम्ही कुणाकडच्या?” मी म्हटलं, “इथे आपण तुझ्याबद्दल बोलू.” त्यानंतर तो आला नाही. मी काय उत्तर द्यायला हवं होतं? दुसऱ्या बाजूच्या लोकांना दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवणं जास्त प्रामाणिकपणाचं नाही का? आणि या सगळ्यात मला स्वतःला जो राग येतो, त्याचं मी काय करू?

*

नमस्कार,

तो मुलगा इतके महिने तुमच्याकडे येत होता, ही गोष्ट मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी वाटली. तुमच्या क्लिनिकच्या पाटीवर तुमचं नाव आडनावासकट असणार. तुमच्या गावात आडनाव कळलं की बहुतेक वेळा जात कळते, आणि नाहीच कळली तर माहेर कुठलं, सासर कुठलं असं विचारून पाच मिनिटांत कळते. तुम्ही कुणाकडच्या हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो येत होता. मग इतक्या उशिरा त्याने ते का विचारलं असेल? माझा अंदाज असा, की त्याला त्या दिवशी आणखी काहीतरी सांगायचं होतं आणि सांगण्याआधी तो तुमचा अंदाज घेत होता.

तुमचं उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पण त्याला त्यातून एवढंच कळलं असेल, की हा विषय इथे काढायचा नाही. आपल्याकडे तटस्थतेची जी शिकवण आली ती मनोविश्लेषणाच्या परंपरेतून आली. तिथे थेरपिस्टने स्वतःबद्दल काहीच कळू द्यायचं नाही अशी अपेक्षा असते. जिल्ह्याच्या गावात हे शक्यच नाही. तुमचा भाऊ कुठल्या मोर्चात होता, तुमच्या गल्लीत कुठला फ्लेक्स लागला होता, हे लोकांना माहीत असतं. गप्प राहून तुम्ही तटस्थ दिसत नाही. समोरचा माणूस तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ स्वतःच लावतो, आणि अशा दिवसांत तो सहसा वाईटच लावला जातो.

मी असते तर साधारण असं म्हटलं असतं: “माझं आडनाव तू पाटीवर वाचलंच आहेस. या प्रश्नावर माझं मत आहे, आणि ते तुझ्याशी जुळेलच असं नाही. पण तुझ्यावर गुन्हा दाखल झाला, तुझी भरती अडचणीत आली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू इथे त्याबद्दल बोलावंस असं मला वाटतं. माझं काही खटकलं तर तोंडावर सांग.” एवढं बोलून थांबायचं. तुमचं मत काय, ते कशावरून बनलं, आकडे काय सांगतात, यातलं काही पुढे जोडायचं नाही. त्याच्या फीच्या वेळेत तुमची बाजू मांडणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

आणि हे अजूनही सांगता येईल. त्याला एक साधा मेसेज पाठवा: “मागच्या वेळी तू एक प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर मी दिलं नाही. ते द्यायचं आहे. जमेल तेव्हा ये.” मेसेजमध्ये विषयाचा उल्लेख नको, कारण त्याचा फोन आणखी कोण पाहतं हे आपल्याला माहीत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. तुम्ही लिहिता की मी विषय ‘पुन्हा’ झोपेवर आणते. म्हणजे झोप हा खरा विषय आणि गुन्हा हे अवांतर, असं तुम्ही धरून चालला आहात. त्या मुलाच्या बाजूने बघा. दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत बसून, पहाटे ग्राउंडवर पळून जी नोकरी मिळवायची, ती मिळाल्यावर चारित्र्य पडताळणी होणार, आणि तिथे हा गुन्हा समोर येणार. त्याची भीती खरी आहे. तिला चिंताविकार म्हणून हाताळलं तर ती आणखी वाढेल, कारण मग ती त्याला एकट्याला वाहावी लागेल. त्याला वकिलाची गरज आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तिथे वकील मोफत मिळतो, आणि महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता मिळतो. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा झाल्या, पण घोषणा होणं आणि आपल्या नावावरचा खटला कोर्टातून निघणं यात बरंच अंतर असतं. आपला खटला नक्की कुठल्या टप्प्यावर आहे, हे त्याने वकिलाकडून कागदावर समजून घ्यायला हवं. पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा लपवायचा सल्ला मित्र देतील, तो त्याने मुळीच ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला आहे. माहिती लपवली तर त्यावरूनच नेमणूक रद्द होऊ शकते. खरं सांगितलं तर नेमणूक मिळेलच असं नाही, पण गुन्ह्याचं स्वरूप पाहून निर्णय घेतला जातो. हे कळल्यावर त्याला लगेच झोप लागेल असं मी म्हणत नाही. पण ज्या भीतीला आकार नव्हता तिला आकार येईल, आणि मग तुमच्या श्वासाच्या व्यायामालाही काही काम उरेल.

दुकानवाल्या बाईंचंही तसंच आहे. गल्ला खरोखर निम्मा झाला आहे, मग हात थरथरणारच. त्या थरथरीला आजार म्हणण्याआधी त्यांच्यासोबत दुकानाकडे नीट बघा. पुढच्या वेळी त्यांना उधारीची वही आणायला सांगा आणि दोघी मिळून ती चाळा. कुणाचं खातं त्या निवडणुकीपासून बंद आहे, कुणी जुनी बाकी चुकती करून पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि कोण अजूनही उधारीवर साखर-चहापत्ती नेतंय? त्या वहीत बहुधा दुसऱ्या समाजातली दोन-चार नावं अजून चालू असतील. पोरांना दुकानावर पाठवत नाहीत, पण संध्याकाळी अंधार पडल्यावर म्हातारी स्वतः येते, असंही दिसेल. त्या म्हातारीबद्दल त्यांना विचारा. “ती काय बोलते? तुम्ही तिला काय बोलता?” ‘अख्खा गाव उलटला’ हे वाक्य वहीत जसंच्या तसं सापडणार नाही. तिथे नावं सापडतील, आणि नावांबद्दल माणसाला बोलता येतं. वहीत तसं एकही नाव निघालं नाही, तर तेही आपल्याला कळायलाच हवं. मग उधारी वसूल कशी करायची, माल कुठे फिरवायचा, तालुक्याच्या आठवडी बाजारात बसता येईल का, हे बोलणंसुद्धा समुपदेशनच आहे.

आपल्या धंद्यात एक सवय खोलवर रुजलेली आहे, की समाजात जे बिघडलं ते माणसाच्या आत शोधायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबतीत स्पष्ट आहे. कुणाचा राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक दर्जा, कुठल्या समूहाचं सदस्यत्व, किंवा समाजातल्या रूढ राजकीय मूल्यांशी न जुळणं, यावरून मानसिक आजार ठरवता येत नाही, असं त्याचं कलम ३ सांगतं. चिडलेल्या माणसाची प्रत्येक चीड हे लक्षण नसतं. ते आपण त्याला मोठ्याने सांगावं: “तुझ्या जागी कुणालाही राग आला असता.”

इथे मी थोडी सावधही करते. ज्यांना हे पटतं ते समुपदेशक कधीकधी दुसऱ्या टोकाला जातात, आणि मग खोलीची सभा होते. क्लायंट ‘आम्ही’ आणि ‘ते’ असं बोलत राहतो, समुपदेशक मान डोलावत राहतो, तास संपतो आणि माणूस आला तसाच परत जातो, फक्त थोडा जास्त तापून. मला विचाराल तर हे मौनापेक्षा जास्त हानिकारक आहे, कारण यात आपण मदत केली असं दोघांनाही वाटतं. तो मोबाइल काढून तुम्हाला एखाद्या भाषणाचा व्हिडिओ दाखवायला लागला, तर व्हिडिओवर चर्चा करू नका. त्याला फोन पालथा ठेवायला सांगा आणि विचारा, “हा तू पहिल्यांदा कधी पाहिलास? कुणी पाठवला? रात्री किती वाजता? बघितल्यावर काय केलंस?” उत्तर बहुधा असं येतं, की रात्री दीडला पाहिला, मग खालच्या कमेंट वाचल्या, मग एकाशी भांडलो. झोपेचा तुमचा विषय तिथेच आहे.

दुसऱ्या समाजाबद्दल तो काही वाईट, माणूसपण नाकारणारं बोलला तर? ते ऐकून सोडून द्यायचं नाही आणि तिथल्या तिथे भाषणही द्यायचं नाही. अभ्यासिकेत त्याच्या शेजारच्या टेबलावर कोण बसायचं, ते विचारा. कुणाच्या नोट्स त्याने झेरॉक्स केल्या, कुणाच्या डब्यातलं तो खायचा, आणि आता ते एकमेकांशी बोलतात का? अशा वेळी पुष्कळदा मित्र तुटल्याचं दुःख बाहेर येतं. रागाच्या खाली ते दबलेलं असतं आणि ते बोलायला त्याला कुठेही जागा नसते. घरी बोललं तर गद्दार ठरेल, ग्रुपवर बोललं तर बाहेर काढतील. पण त्याने त्या मित्राशी समेट करावा असा आग्रह तुम्ही धरू नका. गावात शांतता नांदावी असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे, पण ते काम त्याच्या खांद्यावर टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक गोष्ट मी तुमच्या भागातल्या प्रत्येक समुपदेशकाला सांगेन. पन्नाशीच्या पुढचं कुणी आलं आणि “हल्ली उगाच धडधडतं” म्हणालं, तर विचारा, “असं वातावरण याआधी कधी पाहिलं होतं?” मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. १९७८ साली आठ-दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंचावन्नच्या आसपास आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, तेव्हा त्या मुलाच्या मनात काय जागं झालं असेल? या वेळचा वाद त्यांच्याबद्दल नव्हता, म्हणून त्यांना कुणी विचारलंही नाही. मराठा-ओबीसी या दोन नावांच्या बाहेरची माणसंही तुमच्याच गावात राहतात आणि रात्री कुठे आवाज झाला की उठून बसतात. त्यांच्यासाठीही तुमच्या वहीत जागा ठेवा.

मात्र जे घडलं ते एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायचा प्रयत्न करू नका. भीषण प्रसंगानंतर लगेच माणसाला बसवून साद्यंत सांगायला लावणं उपयोगाचं नाही, आणि ती पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सुरुवातीला माणूस सुरक्षित आहे का, घरी कोण आहे, जेवण-पाणी-औषध चालू आहे का, हे बघायचं. सांगायचं तेव्हा तो सांगेल.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, पण त्या मुलाबद्दल वाचताना माझ्या मनात तो होता. आरक्षणाच्या मागणीची चिठ्ठी मागे ठेवून जीव दिल्याच्या बातम्या २०२३ पासून आल्या, आणि मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रं देण्याबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ओबीसींच्या बाजूनेही आल्या. अशा मृत्यूला ‘बलिदान’ म्हटलं जातं, फ्लेक्सवर फोटो लागतो, नेते घरी येतात. कर्ज, नापास होणं, मोडलेलं लग्न, अशी दहा दुःखं एकत्र घेऊन बसलेल्या तरुणाला वाटू लागतं, की आपल्या जगण्याला नाही तर निदान मरण्याला तरी कुणी किंमत देईल. त्याच्याशी या विषयावर आडवळणाने बोलू नका. “अशा बातम्या वाचून तुझ्या मनात कधी मरणाचा विचार आला का?” असं थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, तर कधी, कसा, किती वेळा, हे शांतपणे विचारा आणि त्याच दिवशी त्याच्या संमतीने घरातलं एक माणूस बोलवा. जिवाला धोका दिसत असेल तर संमतीसाठी अडून बसू नका. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक असतंच. ते कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या, एवढी एक गोष्ट त्या माणसाने लगेच करायची. प्रयत्न झालाच तर पोलीस केसच्या धास्तीने घरचे दवाखान्यात न्यायला उशीर करतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या. चिठ्ठीवर लिहून दिला तर ती खिशात धुवून निघते.

क्लिनिकच्या रोजच्या व्यवस्थेबद्दल थोडं. हे दोघं एकाच संध्याकाळी येत असतील तर मध्ये अर्धा तास मोकळा ठेवा, बाहेरच्या बाकावर ते समोरासमोर यायला नकोत. तुमचं व्हॉट्सअॅप स्टेटस आणि डीपी क्लायंटला दिसतं, म्हणून कामाचा नंबर वेगळा घ्या. तुम्ही नागरिक आहात, मोर्चाला जायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. पण गेलात आणि तुमचा फोटो फिरला, तर पुढच्या भेटीत विषय तुम्हीच काढा, तो काढेल याची वाट पाहू नका.

दुसऱ्याकडे पाठवण्याचा विचार मला सरसकट पटत नाही. तुमच्या जिल्ह्यात समुपदेशक आहेत किती? आपापल्या जातीच्या समुपदेशकाकडे जा, असं आपणच सुचवायला लागलो तर दुकानाचं जे झालं तेच दवाखान्याचं होईल. जात, धर्म, सामाजिक किंवा राजकीय मतं यांवरून उपचारात भेदभाव करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर पाठवणंच योग्य. त्या माणसाची वेळ आली की तुमच्या पोटात गोळा येतो. तो आला नाही तर बरं वाटतं. तो बोलत असताना तुम्ही मनात प्रतिवाद तयार करत असता. हे एकदा झालं तर स्वतःशी नोंद करा. आठवड्यांमागून आठवडे होत राहिलं तर त्याला खरं कारण सांगून दुसऱ्या कुणाची वेळ स्वतः ठरवून द्या, नुसता नंबर देऊन मोकळ्या होऊ नका.

तुमचा स्वतःचा राग. तो आहे हे तुम्ही लिहिलंत, म्हणून मला तुमच्याबद्दल काळजी कमी वाटते. पण तो नवऱ्याजवळ किंवा माहेरच्या ग्रुपवर काढून भागणार नाही. तिथे सगळे तुमच्याच बाजूचे असतील आणि राग फक्त शेकून निघेल. तुम्हाला दुसऱ्या समाजातली, हेच काम करणारी एक व्यक्ती हवी. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, त्यात मानसतज्ज्ञ आणि समाजसेवकही असतात. शेजारच्या जिल्ह्यातलं कुणी असेल तर आणखी बरं, कारण क्लायंट ओळखीचे निघत नाहीत. महिन्यातून एकदा दीड तास भेटा किंवा फोनवर बोला. नावं, गावं न घेता एकेक केस ठेवा, आणि समोरच्याने एकच गोष्ट ऐकायची: इथे तुझी जात तुझ्या कानात आली का? दुकानवाल्या बाईंचं दुःख मी कमी लेखतेय का, किंवा त्या मुलाला मी गरजेपेक्षा जास्त समजून घेतेय का, हे आपलं आपल्याला दिसत नाही. सुरुवातीला अवघड जाईल, एखाद्या महिन्यात तुमचं दोघींचं वाजेलही. तरी पुढच्या महिन्याची तारीख उठायच्या आधी ठरवून घ्या.